शुक्रवारची पेटी

सोहारमध्ये आमचा रविवार शुक्रवारी येतो.
मल्याळी मंडळी उठली की तेलुगू, तेलुगूनंतर आम्ही,
मागच्या छोट्या हॉलमध्ये, सव्वादोन ते तीन.
अठरा माणसं, दोन तान्ही लेकरं,
आणि राहुरीहून विमानाने आलेली एक पेटी
जिची एक काळी पट्टी दमट हवेत चिकटून बसते.

पेटी मी वाजवतो.
ढोलकी नथनेल.

नथनेल ओहोळ, माझा सख्खा आतेभाऊ.
अकरा वर्षांपूर्वी व्हिसाचे म्हणून त्याने माझ्याकडून
एक लाख दहा हजार घेतले.
सुवार्ताची बोरमाळ त्यात गेली.
इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात
कंपनीच्या एका कारकुनाने चहा पिता पिता सांगितलं,
व्हिसा फुकट होता.

मी स्टोअरकीपर आहे.
नट, बोल्ट, हातमोज्यांचे जोड,
आत काय आलं, बाहेर काय गेलं, शिल्लक काय,
झोपेतही सांगेन.
नथनेलचं पान मी कधी बंद केलं नाही.
त्याला विचारलंही नाही.
विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता
आणि मला ते ऐकावं लागलं असतं.

मंडळीतले म्हणतात, दोघांचं काय जमतं!
जमतंच.
एका चटईवर शिकलो, एकाच गुरुजींची छडी खाल्ली.
त्याच्या थापेवर माझी बोटं आपोआप पडतात.
मान मात्र मी वर करत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत ती ऋणाची ओळ येते
तेव्हा मी नुसते ओठ हलवतो.
देवाशी खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं,
एवढा माझा प्रामाणिकपणा.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी एसी बंद पडला.
त्याच्या घरघरीखाली इतकी वर्षं
काय काय झाकलेलं होतं!
प्रार्थना सुरू झाली, ती ओळ आली,
मी गप्प झालो,
आणि मोजायची सवय म्हणून मोजले:
सतरा हवे होते. आवाज सोळाच.

मान वर केली.
नथनेल डोळे मिटून, ओठ घट्ट.

का रे?
तुझं कोण देणं लागतं?

मग मानेवरून घाम उतरावा तसं
सावकाश आठवलं.
आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो.
तिसऱ्या वर्षी मी सुट्टीवर गेलो, आत्या खाटेवर.
माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली,
माझा नाथा बरा आहे ना रे तिकडे?
मी सांगितलं. सगळं. आकड्यासकट.
त्यानंतर तिने त्याचा फोन घेतला नाही.
सात आठवडे.
मग फोन घ्यायला ती राहिलीच नाही.

हे मी कुठल्याच रजिस्टरला लावलं नव्हतं.

तीन वाजले. तमिळ मंडळी दारात उभी.
पेटीची एक कडी त्याने धरली, एक मी,
पार्किंगपर्यंत, नेहमीसारखी.
पिकअपचं सीट पोळत होतं.
त्याने किल्ली फिरवायच्या आत मी म्हणालो,
"आत्याला मी सांगायला नको होतं."

पैशांचं काढलं नाही.
जिभेवर होतं. गिळलं.

नथनेल समोर बघत राहिला.
काचेवर दमट हवेचं धुकं, त्याने वायपर एकदा फिरवला.
मग म्हणाला, "पट्टा लाव."

रात्री सुवार्ताला फोनवर सांगितलं.
बराच वेळ ती काही बोलली नाही. मग,
"आणि बोरमाळ?"
मी म्हटलं, ती तुझी.
ती मी तुझ्या वतीने कशी सोडू?
"हं," म्हणाली. "बघते."

पुढच्या शुक्रवारी ती ओळ आली.
अर्धी मी मोठ्याने म्हटली.
ढोलकीच्या बाजूने
कुणीतरी घसा खाकरला.